कुणाला काय दिसावं

मी एक संगणक आहे, पण तुमच्या टेबलावर असतो तसला नाही. माझ्यासमोर बसून कुणी कधी पत्र लिहिलं नाही की पत्त्यांचा डाव मांडला नाही. मला सर्व्हर म्हणायचे. बाकीचे पाच संगणक माझ्याकडे मागायचे आणि मी द्यायचो, एवढंच माझं काम. बारामतीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी अडीच वर्षं ते केलं.

आज डिसेंबर १९९९ मधला एक शनिवार आहे. भांडाराच्या खोलीत, मोडक्या खाटांच्या शेजारी मला ठेवलंय. सोमवारी भंगारवाला येणार आहे. त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. पुण्यात टिळक रस्त्याजवळच्या एका गाळ्यात दोन माणसांनी सुटे भाग जोडून मला उभं केलं. १९९७ च्या मे महिन्यात दवाखान्याच्या जीपमधून, गोधडीत गुंडाळून मला बारामतीला आणलं. चौफुल्याला चालक चहासाठी उतरला, पण माझ्याशेजारी बसलेली मुलगी उतरली नाही. ओढणी पसरून तिनं माझ्यावरचं ऊन अडवलं होतं.

ती अनिता. अनिता देवकाते, सांगवीची. तिच्या आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली आणि हिनं मावशीकडं राहून पुण्यात संगणकाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला. दवाखान्यातले लोक तिला 'संगणकवाल्या बाई' म्हणायचे. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

मला ठेवलं व्यवस्थापकांच्या खोलीत, एका लाकडी आडोशामागं. व्यवस्थापक कुंडलिकराव शाळेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. माणूस सरळ, पण उतावळा. त्या खोलीत जे बोललं गेलं ते सगळं मी ऐकलं.

अनितानं माझ्यापासून एक काळी तार भिंतीच्या कडेकडेनं पाच ठिकाणी नेली. केसपेपरची खिडकी, प्रयोगशाळा, डॉक्टरांची खोली, औषधांचं दुकान आणि कुंडलिकरावांचं टेबल. तारेच्या दोन्ही टोकांना छोटी टोपणं होती. सफाईवाल्या धोंडाबाईंचा झाडू लागून एखादं टोपण निघालं, की पाचही संगणक एकदम मुके व्हायचे. मग अनिता गुडघ्यावर बसून तार चाचपत यायची.

तार ओढून झाल्यावर तिनं माझ्यात फोल्डर केले. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं.

"समजा हे एक मोठं कपाट आहे. खण वेगवेगळे. प्रत्येकाला आपापलं नाव आणि परवलीचा शब्द. नाव सांगितलं की कपाट ओळखतं, हा कोण. मग काही खणांतलं नुसतं वाचता येईल, काहींतलं बदलता येईल, आणि काही खण उघडणारच नाहीत."

"न उघडणारा खण कशाला पाहिजे?" औषधांच्या दुकानातल्या संभाजीनं विचारलं. सगळे हसले. अनिताही हसली.

तिनं अधिकार नीट लावले होते, हे मला सांगायलाच हवं. प्रयोगशाळेचा खण फक्त प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना. औषधांचा साठा फक्त दुकानाला. पण तिसऱ्याच दिवशी केसपेपरच्या खिडकीवर रांग लागली, आणि खिडकीवरच्या बाईंना जुन्या रुग्णांची यादी उघडेना. पडद्यावर एकच ओळ यायची, 'अ‍ॅक्सेस डिनाइड', म्हणजे उघडायची परवानगी नाही. ती ओळ मीच पाठवत होतो, कारण अनिताच्या यादीत त्या बाईंचं नाव एका ठिकाणी लिहायचं राहून गेलं होतं. बाहेर लोक ओरडायला लागले. कुणी कडेवर मूल घेऊन दोन तास उभं होतं.

कुंडलिकराव आत आले. "अनिता, हे कुलपाकिल्ल्यांचं खूळ बंद कर. सगळ्यांना सगळं उघडं कर. दवाखान्यात लपवायचं काय असतं?"

"सर, चूक एकाच ठिकाणी आहे, मला दहा मिनिटं..."

"दहा मिनिटं बाहेर जाऊन त्या लोकांकडं माग."

अनितानं माझ्यात एक ओळ लिहिली. सर्वांना, सर्व खणांवर, पूर्ण अधिकार. रांग हलली. जाताना ती म्हणाली, "संध्याकाळी नीट करते." ती संध्याकाळ पुढचे आठ महिने आली नाही. आधी शिबिर होतं, मग प्रिंटर बिघडला, मग सगळं सुरळीतच चाललंय असं वाटायला लागलं. कुणाची तक्रार नव्हती. कुंडलिकराव पाहुण्यांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, "आता आमच्याकडं कुणाचं काही अडत नाही."

माणसांची एक सवय माझ्या तेव्हा लक्षात आली. काम संपलं की हात रिकामे राहत नाहीत. समोर जे उघडं दिसेल ते माणूस उघडून बघतो. केसपेपरच्या बाई औषधांचा साठा बघायच्या. संभाजी कुणाकुणाचे केसपेपर वाचायचा. वाचून मिळायचं काही नाही. पण मागितलं की मी देत होतो, आणि 'कशाला पाहिजे' असं विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारी १९९८ मध्ये म्हाळसा आली. इंदापूर तालुक्यातल्या, निरेच्या काठच्या एका गावची. वय तीस. पोटात गाठ होती. डॉक्टर योगिनींनी ऑपरेशन ठरवलं आणि त्याआधी रक्त तपासायला सांगितलं. प्रयोगशाळेतल्या दादासोंनी रक्त तपासलं आणि निकाल माझ्यात लिहिला. एचआयव्हीच्या रकान्यात तिच्या नावापुढं शब्द होते : 'संशयित. दुसरी तपासणी बाकी.'

पहिल्या तपासणीत कधी कधी चूक निघते. म्हणून दुसरा नमुना पुण्याला जायचा होता, आणि तोवर कुणाला काही बोलायचं नाही असा डॉक्टर योगिनींचा नियम होता. त्यांनी म्हाळसाला आठ दिवसांनी परत बोलावलं. ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. संभाजीनं प्रयोगशाळेचा खण उघडला. नावं आणि गावं वाचत तो खाली खाली येत होता. म्हाळसाच्या गावाशेजारचंच त्याचं गाव. ओळखीचं गाव दिसलं म्हणून तो थांबला, आणि त्यानं ती ओळ पूर्ण वाचली. त्याच्या मनात वाईट होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यानं मागितलं आणि मी दिलं. अर्धा सेकंदही लागला नाही.

आठव्या दिवशी कुंडलिकरावांच्या खोलीचं दार न वाजवता दोन बायका आत आल्या. पुढं साठीची, कपाळावर मोठा भंडारा लावलेली. मागं म्हाळसा.

"सायेब," म्हातारी म्हणाली, "ह्यो दवाखाना हाय का चावडी?"

"आजी, बसा. झालं काय?"

"बसाय न्हाय आले. मी कुशाबाई. ही माजी सून. हिला इचारा काय झालं ते."

म्हाळसा खाली बघून बोलायला लागली. आवाज अजिबात चढला नाही. "माज्या रगतात काय हाय ते मला कुणी सांगितलं न्हाय. हापशावर बायकांनी माजी घागर पायानं बाजूला सारली, तवा मला कळलं. अंगणवाडीतनं माज्या लेकीला घरी धाडली. मालक चार दिस झालं रानातल्या खोपीत निजत्यात. माजा कागद मला दावायच्या आदी गावाला कुणी दावला, तेवढं सांगा. मी जाते."

कुंडलिकरावांनी डॉक्टर योगिनींना बोलावलं. डॉक्टरांनी दादासोंना बोलावलं. दादासो हात जोडून म्हणाले, "देवाशपथ, मी तोंडातून शब्द काढला नाही. कागद तर माझ्या टेबलाच्या खणात कुलपात आहे." मग ते थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले.

अनिता आडोशाजवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला सगळं समजलंय. ती पुढं आली.

"ताई, कागद कुणी दाखवला नाही. मीच तो उघडा ठेवला होता."

"तू कोन?"

"मी या यंत्राचं काम बघते. तुमचा रिपोर्ट ह्याच्यात होता. तो दोघातिघांनीच बघायचा होता. मी सगळ्यांना बघता येईल असं करून ठेवलं. आठ महिन्यांपूर्वी, गडबडीत. नंतर नीट करायचं राहून गेलं."

"अनिता, मीच तुला सांगितलं होतं तसं करायला," कुंडलिकराव हळू आवाजात म्हणाले.

"पण संध्याकाळी नीट करते असं मीच म्हणाले होते, सर."

म्हाळसानं पहिल्यांदा मान वर केली. "मंग आता पुसून टाक."

"टाकते, ताई."

"हितलं पुसशील. गावातलं?"

  कुशाबाई पुढं सरल्या. "गावातलं मी बगते. हिच्या हातची भाकरी मी रोज वट्यावर बसून खाते. मुद्दाम. येणाराजाणारा बगू दे. तुमी तुमचं कपाट बगा."

डॉक्टर योगिनी दोघींना आपल्या खोलीत घेऊन गेल्या. पहिली तपासणी म्हणजे काय, दुसरी का करतात, हे त्यांनी तासभर समजावलं असं नंतर कळलं. पुण्याचा निकाल यायला अजून दहा दिवस होते.

त्याच दुपारी अनितानं सगळ्यांना बोलावलं. "तो खण कुणी उघडला हे मला यंत्राला विचारायचं होतं. पण त्याला सांगता येत नाही. कोण काय उघडतो याची नोंद ठेवायला मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं." एवढं बोलून ती खाली बसली.  संभाजी भिंतीला टेकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा आला. अनिता माझ्यासमोर काम करत होती.

"मीच उघडला होता," तो म्हणाला. "बसथांब्याच्या टपरीवर बोलता बोलता तोंडातनं गेलं. मला वाटलं, चारच मानसं हायती."

अनितानं मान वळवली नाही. "त्या बाईंना सांगितलंस?"

"काय तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं टपरीवर सांगितलंस त्या तोंडानं."

तो गेला. कुशाबाईंच्या वट्यापुढं उभा राहून त्यानं कबूल केलं. मग त्याच टपरीवर जाऊन चारचौघांत म्हणाला, मी अर्धवट वाचलं होतं, आणि ते वाचायचा मला हक्क नव्हता. परत आल्यावर त्यानं कुंडलिकरावांना सांगितलं, "कुणी ऐकून घेतलं न्हाय, सर. एक जण म्हणाला, मग खरं काय हाय ते तरी सांग. आता मी काय सांगावं?" महिनाअखेरीला तो काम सोडून गेला. त्याला कुणी काढलं नव्हतं.

अनितानं दोन दिवस दुसरं काही केलं नाही. आलेखाच्या कागदावर तिनं आडव्या रांगेत माणसं लिहिली आणि उभ्या रांगेत माझे खण. मग ती प्रत्येकाकडं गेली. "तुम्हाला काय बघायला आवडेल ते नका सांगू. तुमच्या कामाला काय लागतं ते सांगा." केसपेपरच्या बाईंना नाव, गाव, वय आणि तारीख पुरेशी होती. दुकानाला औषधाची चिठ्ठी पुरेशी होती. कुंडलिकरावांना आकडे पुरेसे होते, नावं लागत नव्हती. माणसांना किती थोडं पुरतं, हे त्या कागदावर बघून तीही चकित झाली.

मग तिनं ती 'सर्वांना'ची ओळ काढली, आणि एक एक नाव, एक एक खण असं मला पुन्हा शिकवलं. कुणी काय उघडलं, कधी उघडलं, कुणाला मी नाही म्हटलं, हे सगळं लिहून ठेवायलाही तिनं शिकवलं. ती नोंद दर शुक्रवारी डॉक्टर योगिनी स्वतः वाचायच्या. एचआयव्हीच्या निकालांसाठी तिनं वेगळा खण केला. यादीत दोन नावं. डॉक्टर योगिनी आणि दादासो.

मार्चमध्ये पुण्याचा निकाल आला आणि त्या खणात गेला. त्या दिवशी म्हाळसा एकटी आली, आणि डॉक्टरांकडं जायच्या आधी अनितापाशी थांबली.

"आता कोन कोन बगू शकतं?"

अनितानं पडदा तिच्याकडं वळवला. "ही दोन नावं."

म्हाळसाला वाचता येत होतं. तिनं बोट ठेवून दोन्ही नावं वाचली. "आनि तू?"

"मी नाही."

"कुलूप तूच लावलंस. तुला का उघडणार न्हाय?"

"खोटं बोलत नाही, ताई. मनात आणलं तर मी ते कुलूप तोडू शकते. पण तोडल्याची खूण यंत्रात उरते आणि ती डॉक्टरांना दिसते. मी तोडणार नाही."

 म्हाळसा डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तिथं मी नव्हतो. एप्रिलमध्ये तिचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली. नंतर ती दर काही महिन्यांनी तपासायला यायची, कधी कुशाबाईंबरोबर, कधी नवऱ्याबरोबर. मालक खोपीतनं घरी आले, असं तिनं एकदा अनिताला सांगितलं. हापशावर दोन बायका आता बोलतात, बाकीच्या अजून नाही, असंही सांगितलं. त्यावर अनितानं काही विचारलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे एक विश्वस्त आले. कुंडलिकरावांसमोर बसून म्हणाले, "पुतण्याची सोयरीक जमवतोय. मुलगी तुमच्याकडं तपासायला आली होती. तिच्या रक्ताचं जरा बघून सांगा. घरातलंच काम आहे."

"साहेब, ते माझ्याकडं उघडत नाही," कुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांनी खरंच प्रयत्न करून दाखवला. मी त्यांना नाही म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच असेल, कारण ती खोली त्यांची होती आणि मला मागवलंही त्यांनीच होतं.

"मग हिला उघडायला सांगा."

"मला तो अधिकार नाही, साहेब," अनिता म्हणाली.

"अधिकार देणारे आम्हीच ना? की तेही तुझं यंत्र ठरवणार?"

कुंडलिकराव उभे राहिले.  "साहेब, याच खोलीत एका बाईनं मला एक प्रश्न विचारला होता. मला उत्तर देता आलं नाही. ती वेळ माझ्यावर परत आणू नका."

विश्वस्त उठून गेले. त्या वर्षी अनिताची नोकरी कायम व्हायची होती, ती झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. तिनं याबद्दल माझ्यासमोर कधी कुरकुर केली नाही. फक्त त्या दिवशी संध्याकाळी खोलीतून जाताना दारात थांबून ती कुंडलिकरावांना म्हणाली, "येते, तात्या." एरवी ती त्यांना सर म्हणायची.

आता २००० साल येतंय. साल शेवटच्या दोनच आकड्यांत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना ते साल कळणार नाही अशी सगळ्यांना धास्ती आहे, म्हणून नवा सर्व्हर आलाय. माझ्यातलं सगळं त्याच्यात गेलं, खण गेले, यादी गेली, आलेखाचा तो कागदही त्याच्या अंगावर चिकटवला आहे. पण दिलं म्हणून माझ्यातलं गेलं नाही. ते माझ्यात जसंच्या तसं आहे, आणि आता दारावर कुणी नाही. भंगारवाल्याकडं मला कुणी जोडलं, तर तो जे मागेल ते मी देईन का, मला सांगता येत नाही.

एवढं ऐकल्यावर तुम्हाला विचारावंसं वाटेल, म्हाळसाचा दुसरा निकाल काय आला? माणसाला वाटणारच. तो निकाल माझ्याकडं आहे. पण ती यादी दोन नावांची आहे, आणि तिच्यात तुमचं नाव नाही.

आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा म्हणतात, आम्हाला विसरू नका, जपून ठेवा. माझी विनंती उलटी आहे. उद्या तुमच्या दवाखान्यात, कचेरीत, शाळेत माझ्यासारखे पुष्कळ येतील. ते जुने होतील, तेव्हा त्यांना तसेच्या तसे विकू नका. आधी पुसा. पूर्ण पुसा. काम संपल्यावर विसरून जाणं, हेही आमचं कामच आहे.

अनितानं हे कुंडलिकरावांना चारदा सांगितलं. "भंगारातच चाललंय की," ते म्हणाले होते. पाचव्यांदा त्यांनी भांडाराची किल्ली तिच्या हातात दिली.

दार उघडलंय. तिनं खाट बाजूला सरकवली, माझ्यावरची धूळ पुसली, वायर आणि एक पडदा जोडला. तिच्या हातात एक फ्लॉपी आहे. तीत काय आहे ते मला माहीत आहे. एकदा ते चाललं की चौफुला, सांगवी, म्हाळसा, हे काहीच माझ्यात उरणार नाही. तिनं फ्लॉपी आत घातली आहे आणि पडद्यावर प्रश्न आलाय : सगळं पुसायचं, नक्की?

ती थांबली आहे. थांबू नकोस, अनिता. हो म्हण.